एक सेल जास्त लावला की बल्ब इतका का उजळतो, आणि मग का उडतो?

दोन सेलच्या टॉर्चचा बल्ब काढून तीन सेलच्या टॉर्चमध्ये बसवण्याचा उद्योग लहानपणी अनेकांनी केलेला असतो. मीही केला. बटण सरकवलं आणि नेहमीच्या मिणमिणत्या, पिवळट झोताऐवजी समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोल पडला. भिंतीच्या रंगाचे पोपडे मोजता यावेत इतका स्वच्छ. तो आनंद मिनिटभरही टिकला नाही. लख्खकन चमक आली आणि अंधार झाला. बल्ब कानाशी धरून हलवला तेव्हा आत तुटलेल्या तारेची बारीक किणकिण ऐकू आली, आणि काच आतून करड्या आरशासारखी झालेली दिसली.

विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "जास्त करंट गेला, उडाला." ते खोटं नाही, पण खरी गंमत त्यात येतच नाही. सेल दोनाचे तीन केले म्हणजे दाब दीडपट झाला. मग प्रकाश दीडपटच का वाढला नाही, चांगला चौपट-पाचपट का वाटला? आणि तासन्‌तास चालणाऱ्या बल्बचं आयुष्य दीडपटीने कमी न होता एका मिनिटावर कसं आलं? या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच जागी सापडतात, बल्बच्या आतल्या केसाएवढ्या तारेत.

## आधी दोन-तीन शब्द

आपण टॉर्चलाही 'बॅटरी' म्हणतो आणि तिच्यातल्या सेललाही. गोंधळ नको म्हणून इथे टॉर्च म्हणजे टॉर्च आणि सेल म्हणजे सेल. व्होल्टेजला दाब म्हणेन: पाण्याची टाकी जितकी उंच तितका नळाला जोर, तसा सेलचा दाब तारेतून वीज ढकलतो. तार त्या विजेला जी अडवणूक करते तो रोध. बल्बवर लिहिलेल्या दाबापेक्षा मुद्दाम जास्त दाब देऊन जास्त प्रकाश काढण्याला ओव्हरड्राइव्ह करणं म्हणतात. हा सगळा खेळ फक्त तारेच्या, म्हणजे फिलामेंटच्या बल्बचा आहे. एलईडीचं गणित निराळं, त्याबद्दल पुढे.

## तार प्रकाश देते ती तापते म्हणून

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी ते नुसतंच गरम असतं, चटका देतं पण उजेड देत नाही. मग काळपट लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. बल्बची तार याच वाटेने जाते, फक्त कितीतरी पुढे जाते. ती टंगस्टनची असते, कारण सर्व धातूंमध्ये टंगस्टन सर्वांत उशिरा वितळतो, ३४२२ अंश सेल्सिअसला. टॉर्चच्या साध्या बल्बात तार साधारण २२०० ते २३०० अंशांवर चालते.

एवढ्या तापमानालाही तार जी ऊर्जा बाहेर टाकते तिचा बहुतेक भाग आपल्याला दिसतच नाही. तो अवरक्त असतो, म्हणजे लाल रंगाच्या अलीकडची उष्णता. दिसणारा प्रकाश दहाव्या हिश्शाहूनही कमी. साधा बल्ब ही खरी तर एक छोटी शेगडी आहे, आणि उजेड हे तिचं जोडउत्पादन आहे.

म्हणूनच तापमान थोडं वाढवलं तरी प्रकाश भरमसाट वाढतो. ऊर्जा तर जास्त बाहेर पडतेच, शिवाय तिच्यातला दिसणारा वाटाही वाढतो, कारण तापमानाबरोबर सगळा रंगपट निळ्याच्या बाजूला सरकतो. पिवळट झोत पांढरा होतो तो यामुळे. एकाच वेळी दोन्हीकडून फायदा.

## दहा टक्के दाब, अडतीस टक्के प्रकाश

बल्ब बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच हे मोजून ठेवलं आहे. ढोबळ नियम असा, की प्रकाश दाबाच्या ३.४ व्या घाताने वाढतो. सूत्र बाजूला ठेवू, आकडे पाहू. दाब १० टक्क्यांनी वाढवला तर प्रकाश सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. २० टक्क्यांनी वाढवला तर जवळजवळ ८६ टक्क्यांनी. ३० टक्क्यांनी वाढवला तर तो अडीचपटीच्या घरात जातो.

यात एक गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. दाब १० टक्के वाढला तरी तारेचं तापमान शंभरेक अंशांनीच वाढतं. २२०० अंशांवर शंभर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण अडतीस टक्के प्रकाश येतो तो त्या शंभर अंशांतून, आणि आयुष्य जातं तेही त्याच शंभर अंशांतून.

## आयुष्य कुठे जातं: डांबराची गोळी

कपाटात ठेवलेली डांबराची गोळी कधी वितळून ओघळत नाही, पण काही महिन्यांनी वाटाण्याएवढी उरते. तिची थेट वाफ होत असते. टंगस्टनचंही तेच होतं. वितळण्याच्या बऱ्याच अलीकडे असतानाच तारेच्या पृष्ठभागावरून अणू सुटत राहतात आणि समोरच्या थंड काचेवर जाऊन बसतात. माझ्या उडालेल्या बल्बच्या काचेवर दिसलेला करडा आरसा म्हणजे तारेवरून उडालेलं टंगस्टन होतं.

हे सुटणं तापमानाच्या बाबतीत फार हळवं आहे. बल्बच्या नेहमीच्या तापमानाला साधारण चाळीस-पन्नास अंश वाढले की बाष्पीभवनाचा वेग दुप्पट होतो. शंभर अंश वाढले तर चौपट किंवा त्याहून थोडा जास्त. म्हणून आयुष्याचा नियम प्रकाशाच्या नियमापेक्षा कितीतरी कडक आहे: ते दाबाच्या १२ व्या घाताने घटतं, आणि बल्बच्या जातीनुसार हा घात १६ पर्यंतही जातो.

एक खरा बल्ब घेऊन पाहू. दोन मोठ्या सेलच्या टॉर्चसाठी 'पीआर-२' नावाचा बल्ब वर्षानुवर्षं वापरात आहे. त्याचा दाब २.३८ व्होल्ट, करंट अर्धा अँपिअर आणि आयुष्य १५ तास. १२ चा घात धरला तर १० टक्के जास्त दाबावर हे १५ तास पाचच्याही आत येतात. २० टक्के जास्त दिला तर उरतात एक तास चाळीस मिनिटं. ३० टक्क्यांवर पाऊण तासही नाही. ताजे तीन अल्कलाइन सेल लावले तर बल्बपर्यंत सव्वाचार व्होल्टच्या आसपास दाब पोहोचू शकतो, म्हणजे पावणेदोनपट. इतक्या टोकाला सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, तरी त्याच्याकडून येणारं उत्तर असं आहे: एक मिनिट.

## तार एकाच जागी का तुटते

सगळी तार सारखी झिजली असती तर बल्ब हळूहळू मंदावत गेला असता. तसं होत नाही. कुठेतरी तार मुळातच किंचित बारीक असते. तिथे रोध जास्त, म्हणून तिथे उष्णता जास्त. उष्णता जास्त म्हणून बाष्पीभवन जास्त, म्हणून ती जागा आणखी बारीक, आणखी गरम. शेवटी शेवटी हे इतक्या वेगाने होतं की ती एक जागा वितळते आणि तार तुटते. जाताना दिसणारी लख्ख चमक त्या एका बिंदूची असते.

बल्ब बहुतेकदा बटण दाबतानाच का जातो, याचंही उत्तर रोधात आहे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या साधारण बाराव्या-तेराव्या हिश्शाएवढाच असतो. घरी मल्टिमीटर असेल तर स्वतः मोजून पाहा. पीआर-२ चालू असताना त्याचा रोध, म्हणजे २.३८ भागिले ०.५, सुमारे पावणेपाच ओहम असायला हवा. बंद बल्बावर मीटर लावलात तर अर्ध्या ओहमच्याही खालचा आकडा दिसेल. (मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध वजा करा, नाहीतर मोजमाप फसतं.) म्हणजे बटण दाबताच पहिल्या काही हजारांश सेकंदांत नेहमीच्या कित्येक पट करंट तारेतून धावतो. ठणठणीत तार हा धक्का सोसते. आधीच एका जागी बारीक झालेली तार सोसत नाही.

## मग बल्बवर लिहिलेला आकडा ठरतो कसा?

२.३८ व्होल्ट हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. त्या दाबावर काही विशेष घडत नाही, त्याच्यापुढे बल्ब फुटतो असंही नाही. बनवणाऱ्याने ठरवलं, की या बल्बाने पंधरा तास चालावं आणि अमुक इतका प्रकाश द्यावा. तो सौदा जिथे जमला तिथला आकडा टोपीवर छापला. तीच तार कमी दाबावर शंभर तास चालेल, जास्त दाबावर एक तास चालेल. ओव्हरड्राइव्ह करणारा माणूस हाच सौदा स्वतःच्या गरजेप्रमाणे नव्याने करत असतो. ही एवढी गोष्ट लक्षात आली की बाकीचं सगळं आपोआप सुटतं, असं मला मनापासून वाटतं.

या सौद्याची दोन टोकं जगात प्रत्यक्ष पाहायला मिळतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतो आहे. त्याची तार कार्बनची आहे. त्याचं कौतुक करताना "पूर्वीच्या वस्तू कशा टिकाऊ होत्या" असं हमखास म्हटलं जातं. पण तो आज जेमतेम ४ वॉटचा लालसर उजेड देतो, त्यात वाचता येणार नाही. तो इतका टिकला त्याचं मोठं कारण तो इतका मंद आहे. दुसऱ्या टोकाला छायाचित्रकारांचे फोटोफ्लड दिवे. त्यांची तार ३१०० अंशांच्याही वर चालवली जायची. प्रकाश पांढरा आणि भरपूर, आणि आयुष्य काही तासांचं. कारखान्यातूनच ओव्हरड्राइव्ह होऊन आलेला बल्ब म्हणायला हरकत नाही.

घरगुती बल्बांच्या १००० तासांचा वादही इथलाच. १९२४ मध्ये मोठ्या उत्पादकांनी जिनिव्हात फीबस नावाची युती केली आणि बल्बचं आयुष्य १००० तासांवर बांधून टाकलं; जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सभासदाला दंड व्हायचा. यात विक्री वाढवण्याचा स्वार्थ उघड होता आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण दुप्पट टिकणारा बल्ब त्याच विजेत कमी उजेड देतो, हा त्यांचा तांत्रिक मुद्दा मात्र खरा होता.

## "पण मग सेल लवकर संपतील ना?"

संपतील, पण वाटतं तितके लवकर नाही. तार जास्त तापली की तिचा रोधही वाढतो, त्यामुळे दाब २० टक्के वाढला तरी करंट १० टक्क्यांच्या आसपासच वाढतो. एकूण वीज खर्च होते सुमारे तेहतीस टक्के जास्त, आणि प्रकाश मिळतो ८६ टक्के जास्त. म्हणजे खर्च झालेल्या प्रत्येक वॉटमागे प्रकाश जास्त. ओव्हरड्राइव्ह केलेला बल्ब उधळ्या असेल असं आपण गृहीत धरतो. विजेच्या बाबतीत तो उलट काटकसरी आहे. त्याची उधळपट्टी आयुष्याची आहे.

याची दुसरी बाजू रोज दिसते. सेल उतरले की टॉर्च लालसर होते. तेव्हा ती वीज वाचवते असं वाटतं, पण प्रकाशाच्या हिशेबात ती सर्वांत वाईट वेळ असते. जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते.

आणखी एक. पीआर-२ चा दाब दोन सेलांच्या ३ व्होल्टांपेक्षा कमी का ठेवला असावा? कारण जुन्या झिंक-कार्बन सेलांचा दाब ओझं पडताच बसतो. आजच्या ताज्या अल्कलाइन सेलांचा तितका बसत नाही. प्रत्येकी १.४ व्होल्ट मिळाले तरी बल्बावर २.८ येतात, म्हणजे पहिल्याच दिवशी साधारण १८ टक्के जास्त. ताजे सेल भरल्याबरोबर बल्ब उडाला, ही तक्रार करणाऱ्यांनी नकळत ओव्हरड्राइव्हच केलेलं असतं.

## "दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट दूरचं दिसेल?"

नाही. इथे बऱ्याच उत्साही मंडळींची निराशा होते. झोत पुढे जाताना पसरतो, त्यामुळे प्रकाश दुप्पट केला तर पल्ला वाढतो १.४ पट. शंभर पावलांवरचं झाड दिसत असेल तर आता एकशेचाळीस पावलांवरचं दिसेल. शिवाय आपला डोळा प्रकाश सरळ हिशेबाने मोजत नाही. दुप्पट प्रकाश डोळ्याला पाव पटीने जास्त वाटतो, दुप्पट नाही. हे डोळ्याचं वैगुण्य समजू नका. चांदण्यात आणि भर उन्हात दोन्हीकडे आपण पाहू शकतो ते यामुळेच.

मग तरी फरक इतका डोळ्यांत का भरतो? रंगामुळे. पिवळट झोत पांढरा झाला की निळ्या-हिरव्या गोष्टी उठून दिसतात, आणि आपण त्यालाच 'जास्त उजेड' म्हणतो.

## "झेनॉन आणि हॅलोजनचे बल्ब वेगळे असतात का?"

तारही तीच, सौदाही तोच, फक्त अटी जरा बऱ्या. गर्दीच्या फलाटावर गाडीतून उतरू पाहणाऱ्या माणसाला गर्दी परत आत ढकलते. बल्बात निष्क्रिय वायू भरला की तारेवरून सुटलेल्या अणूचं तसंच होतं. बरेच अणू धडकून माघारी येतात. अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९१३ च्या सुमारास हे दाखवून दिलं. वायूचे अणू जितके जड तितकी ढकलाढकली परिणामकारक, म्हणून आर्गॉनपेक्षा क्रिप्टॉन बरा आणि क्रिप्टॉनपेक्षा झेनॉन.

हॅलोजन बल्बात याच्याही पुढची युक्ती आहे. आत थोडं आयोडिन किंवा ब्रोमिन असतं. काचेकडे निघालेल्या टंगस्टनला ते पकडतं आणि तापलेल्या तारेजवळ नेऊन सोडतं. त्यामुळे काच काळवंडत नाही. पण सोडलेलं टंगस्टन नेमकं त्या बारीक झालेल्या जागी जाऊन बसत नाही, म्हणून हा बल्बही अमर नाही. मात्र मुद्दाम ओव्हरड्राइव्ह करायचाच असेल तर वाव याच्यात जास्त.

## "एलईडीच्या जमान्यात हे कशाला?"

प्रकाशासाठी म्हणाल तर खरंच गरज नाही. त्याच सेलांवर एलईडी कितीतरी पट उजेड देते. एलईडीलाही जास्त करंट देता येतो, पण तिथे उलटं होतं: करंट आणि उष्णता वाढली की दर वॉटमागचा प्रकाश कमी होतो. तारेचा बल्ब ताणल्यावर जास्त कार्यक्षम होतो, एलईडी ताणल्यावर कमी.

तरी काही लोक या बल्बांना धरून आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, मध्ये खड्डे नसतात. लाकूड, कातडी, माणसाचा चेहरा त्यात जसे दिसतात तसे स्वस्त एलईडीखाली दिसत नाहीत. आणि एका काचेच्या मण्यात तीन हजार अंशांजवळ गेलेला धातू हातात धरून हिंडायचं, यात आनंद नाही असं कोण म्हणेल?

## करूनच पाहायचं असेल तर

पहिली गोष्ट बल्बला हात न लावता करता येते. टॉर्चची स्प्रिंग, बटण आणि सेलांची टोकं घासून स्वच्छ करा. मळलेल्या जोडांत ०.२ ओहम रोध असला तरी अर्ध्या अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट वाया जातो. पीआर-२ साठी तो चार टक्के दाब, म्हणजे सुमारे तेरा टक्के प्रकाश. इतका उजेड नुसत्या बारीक पॉलिश पेपरने परत मिळतो.

त्यापुढे जायचं तर १० ते १५ टक्क्यांच्या आत राहणं शहाणपणाचं. दाब हळूहळू वाढवता येणारा पॉवर सप्लाय असेल तर एकेक पायरीने वर जा आणि रंग पाहत राहा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हॅलोजनच्या कुपीत वायू दाबाखाली असतो आणि ती फुटली तर कपच्या उडतात. तिला उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचं तेल तापल्यावर काच तिथे कमकुवत होते. प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर आणि पुढची प्लॅस्टिकची काच मोठ्या बल्बाच्या उष्णतेने मऊ पडते, तिथे धातू आणि खरी काच लागते. लिथियमचे सेल एकामागे एक लावण्याचा मोह मात्र टाळाच. कमी-जास्त चार्ज असलेले असे सेल एका रांगेत लावले तर कमी चार्जचा आधी संपतो, इतर सेल त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्यातून आगही लागू शकते. इथे बल्ब उडण्याचा प्रश्न नाही, हात भाजण्याचा आहे.

काच करडी व्हायला लागली, किंवा टॉर्च ठोकल्यावर उजेड थरथरला, की त्या बल्बचे दिवस भरले असं समजा. जुन्या चांगल्या टॉर्चचं मागचं झाकण उघडून पाहा: बऱ्याच टॉर्चमध्ये स्प्रिंगच्या आत एक जादा बल्ब ठेवायची जागा केलेली असते. ती रिकामी ठेवू नका.